समुद्रातून हरवलेलं परत आणणारा आरओव्ही: लोक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी आरओव्हीवर, म्हणजे जहाजावरून चालवायच्या पाण्याखालच्या यंत्रावर, पायलट-टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काम करतोय. जास्त वेळ तेलाच्या प्लॅटफॉर्मखाली पाइपलाइन तपासण्यात गेला, पण मधेमधे पडलेल्या-बुडालेल्या वस्तू वर काढायची कामंही केली. समुद्रात कुठे विमान पडलं, बोट बुडाली की रत्नागिरीहून, मुंबईहून, कुठूनकुठून फोन येतात आणि सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. जिथे मला बोलायचंय तिथे लांबलंय, जिथे नाही तिथे दोन ओळीत आटपलंय.

आरओव्ही म्हणजे पाणबुडी का?

नाही. पाणबुडीत माणसं असतात, आरओव्हीत कोणी नसतं. लोखंड-अ‍ॅल्युमिनियमची चौकट, वर पिवळा किंवा नारंगी फोमचा मोठा ठोकळा, चौकटीत थ्रस्टर म्हणजे छोटे पंखे, समोर कॅमेरे, दिवे, सोनार (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून बघणारं यंत्र) आणि दोन हात. हा सगळा प्रकार एका जाड केबलने जहाजाला बांधलेला. केबलमधून वीज खाली जाते आणि फायबरवरून चित्र वर येतं. मोठा कामाचा आरओव्ही साधारण छोट्या टेम्पोएवढा असतो, वजन तीन-चार टन, आणि पाण्यात सोडला की फोममुळे जवळपास तरंगता राहतो, म्हणून पंख्यांवर जागच्या जागी उभा राहू शकतो.

मग चालवता कुठून?

जहाजाच्या डेकवर एक कंटेनर असतो, आम्ही त्याला व्हॅन म्हणतो. आत अंधार, एसी फुल्ल, भिंतभर स्क्रीन. एक पायलट, शेजारी को-पायलट, मागे सुपरवायझर, बारा-बारा तासांच्या शिफ्ट. बाहेर दिवस आहे का रात्र ते आत कळत नाही, खाली तर तशीही कायमच रात्र असते.

विमान पडलं की आरओव्ही सोडून शोधत का नाहीत? एवढी टेक्नॉलॉजी आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मी प्रत्येकाला जीव तोडून समजावतो. आरओव्ही शोधायचं यंत्र नाहीये, आणायचं यंत्र आहे. शोधणं वेगळं आणि आणणं वेगळं, दोन्हीची माणसं वेगळी, यंत्रं वेगळी, बऱ्याचदा जहाजंसुद्धा वेगळी.

कारण सांगतो. खाली उजेड आमच्या दिव्यांचाच, पाणी एकदम स्वच्छ असलं तरी कॅमेऱ्याला दहा-पंधरा मीटर दिसलं म्हणजे खूप दिसलं, आणि गाळ उठला तर स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. आता विचार करा, अख्ख्या तालुक्याएवढ्या मैदानात अमावस्येच्या रात्री एक बॅटरी घेऊन हरवलेलं पाकीट शोधायचंय. सोनार लावला तरी आरओव्हीचा सोनार शंभर-दीडशे मीटरपर्यंत कामाचा. त्यामुळे आधी मोठं क्षेत्र आवाजाने चाळावं लागतं, म्हणजे जहाजामागून ओढायचा साइड स्कॅन सोनार, नाहीतर केबल नसलेलं स्वतःचं स्वतः फिरणारं एयूव्ही. ते शेतात नांगर फिरवल्यासारखं रांगेने जातं-येतं आणि तळाचा नकाशा काढतं. त्या नकाशात काही वेगळं दिसलं तर मग आरओव्ही.

एअर फ्रान्सचं ४४७ नंबरचं विमान १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं होती. मोठमोठे देश कामाला लागले तरी तळावरचे अवशेष सापडायला एप्रिल २०११ उजाडलं, जवळजवळ दोन वर्षं. सापडवले ते रेमस नावाच्या एयूव्हींनी, सुमारे ३,९०० मीटरवर. त्यानंतर रेमोरा ६००० नावाचा आरओव्ही गेला आणि काही दिवसांत विमानाचे दोन्ही रेकॉर्डर, म्हणजे ब्लॅक बॉक्स, वर आले. शोधायला दोन वर्षं, आणायला काही दिवस. हे प्रमाण डोक्यात ठेवलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आपल्याकडचं उदाहरण हवाई दलाच्या एएन-३२ विमानाचं. २२ जुलै २०१६ ला चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसकट गेलं. जहाजं, विमानं, पाणबुडी, सगळे शोधत होते. शेवटी चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओटीच्या एयूव्हीने काढलेल्या फोटोंत ३,४०० मीटर खोल अवशेष दिसले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते जाहीर झालं. साडेसात वर्षं. त्या घरांनी ही साडेसात वर्षं कशी काढली असतील याचा विचार केला की मला घशाशी येतं.

ब्लॅक बॉक्समधून सिग्नल येतो ना, मग त्यावरून का सापडत नाही?

येतो. बॉक्सला (रंगाने तो नारंगी असतो) एक पिंगर लावलेला असतो, छोट्या टॉर्चएवढा, पाण्यात गेला की आपोआप सुरू होतो आणि सेकंदाला एक टक्‌ असा आवाज देत राहतो, ३७.५ किलोहर्ट्झवर, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा. पण तो दोन-तीन किलोमीटरपलीकडे ऐकणं कठीण आणि विमान चार किलोमीटर खोल असेल तर वरच्या जहाजाला काहीच ऐकू येणार नाही, मग ऐकायचं यंत्र लांब केबलवर खोल सोडून हळूहळू ओढत न्यावं लागतं. त्यात पूर्वी या पिंगरची बॅटरी ३० दिवस चालेल एवढाच नियम होता, एअर फ्रान्सनंतर तो बदलून ९० दिवस केला. शिवाय पिंगर बॉक्सपासून तुटून पडतो, कधी आपटून बंद पडतो, कधी गाळात जातो.

भारताच्या संदर्भात आरओव्हीने पहिलं मोठं काम कुठलं केलं?

माझ्या मते कनिष्क विमानाचं. आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो हे आपल्याकडे फार थोड्यांना माहितीये.

२३ जून १९८५, एअर इंडियाचं १८२ नंबरचं जम्बो, मॉन्ट्रिअलहून लंडनमार्गे दिल्लीला येत होतं, आयर्लंडच्या किनाऱ्यापासून लांब समुद्रावर बॉम्बस्फोट झाला. ३२९ माणसं गेली. १३१ मृतदेह मिळाले, बाकीचे समुद्रातच राहिले. विमान सुमारे दोन हजार मीटर खोल पाण्यात. १९८५ साली एवढ्या खोलातून विमानाचे रेकॉर्डर काढणं म्हणजे त्या काळच्या मानाने अशक्यच वाटणारी गोष्ट होती.

ब्रिटिश जहाजाने पिंगरचा आवाज पकडला, आणि मग लिऑन थेव्हना नावाचं फ्रेंच जहाज आणलं. ते होतं समुद्राखालच्या टेलिफोन केबल टाकणारं आणि दुरुस्त करणारं जहाज, आणि त्यावरचा आरओव्ही, स्कॅरॅब, तोही केबल दुरुस्तीसाठीच बनवलेला. म्हणजे तळावर केबल शोधायची, उकरायची, पकडायची, एवढंच त्याचं रोजचं काम, तो विमानासाठी नव्हताच. तरी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने दोन्ही रेकॉर्डर वर आणले. नंतर जॉन कॅबॉट या कॅनडाच्या कोस्ट गार्डच्या जहाजावरून दुसऱ्या स्कॅरॅबने तळावर पसरलेल्या तुकड्यांचे फोटो-व्हिडिओ काढून नकाशा बनवला आणि महत्त्वाचे तुकडे वर घेतले.

रेकॉर्डर मुंबईला आणले, ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी त्यावरचा आवाज तपासला. न्यायमूर्ती किरपाल यांच्या चौकशीत हे सगळं आलं. आजही मी ट्रॉम्ब्याच्या बाजूने गेलो की मला हे आठवतं. समुद्राच्या तळातून एका केबलवाल्या यंत्राने उचललेली वस्तू इथपर्यंत आली.

आणि आपल्या पाण्यात?

८ जून २०१५ च्या रात्री तटरक्षक दलाचं डॉर्नियर तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळ बेपत्ता झालं, तिघे होते. महिनाभर शोध. नौदलाच्या आयएनएस सिंधुध्वज पाणबुडीने पिंगरचा सिग्नल पकडला, आणि मग ऑलिम्पिक कॅन्यन हे तेलक्षेत्रात काम करणारं जहाज आणलं. त्याच्या आरओव्हीने साडेनऊशे ते हजार मीटरवरून फ्लाइट रेकॉर्डर काढला. बघा, परत तेच. आधी ऐकणारा वेगळा, मग उचलणारा वेगळा. आणि उचलणारा परत तेलाच्या धंद्यातलाच, कारण रोज तिथे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या लोकांचाच हात बसलेला असतो.

खाली पोचायला किती वेळ लागतो? आणि मग नक्की काय करता?

खोलीवर आहे. बॉम्बे हायला ७०-८० मीटर पाणी, तिथे पाच-दहा मिनिटांत तळ. चार हजार मीटर असेल तर नुसतं उतरायलाच दोन तासांच्या वर. कामाचा आरओव्ही सहसा एका पिंजऱ्यात बसून खाली जातो, तळाच्या थोडं वर पिंजरा थांबतो आणि मग आरओव्ही बारीक, मऊ टेदरवर, म्हणजे पिंजऱ्याला जोडलेल्या केबलवर, बाहेर पडतो. वर जहाज लाटेवर नाचत असतं, ते धक्के पिंजरा खातो, आरओव्ही शांत राहतो.

आता एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. एका कामात आम्हाला साधारण डब्याएवढी वस्तू काढायची होती, अर्धी गाळात. पोचलो आणि थ्रस्टर जरा खाली वळला, झालं, गाळ उठला. स्क्रीन दुधासारखा पांढरा. अशा वेळी करायचं एकच, काही करायचं नाही. हात जॉयस्टिकवरून काढून घ्यायचे. सुपरवायझर मागून शांतपणे म्हणाला, "चहा घ्या." चाळीस मिनिटं आम्ही पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसलो. हळूहळू पाण्याच्या ओढीने गाळ एका बाजूला सरकला आणि आधी डब्याचा एक कोपरा दिसला, मग त्यावर बसलेला एक छोटा खेकडा, तोही आमच्या उजेडाकडे बघत थांबलेला. मग आर्म पुढे नेला, खालून बोटं सरकवली, चिमटा हळूहळू बंद केला, जेमतेम पकडेल एवढाच, आणि शेजारी आधीच उतरवून ठेवलेल्या जाळीच्या टोपलीत ठेवला. ठेवायचे ते शेवटचे अर्धा मीटर करायला पंचवीस मिनिटं लागली. कोणी बोललं नाही. टोपलीचं झाकण लागल्यावर को-पायलटने मोठा श्वास सोडला तो अजून कानात आहे.

नवीन मुलांना घाई असते. या कामात घाईने कधीच काही वर आलेलं नाही.

हाताला कळतं का काय पकडलंय ते?

बहुतेक यंत्रांत नाही कळत, आणि हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे. आर्म हायड्रॉलिक असतो, लोखंडी पाइप चिरडेल एवढी ताकद, पण वर माझ्या बोटांना काहीच जाणवत नाही. डोळ्यांनीच अंदाज घ्यायचा, वस्तू किती दबली, किती हलली, सावली कुठे पडली. सावली फार कामाची. दिवा एका बाजूने ठेवला तर चिमटा आणि वस्तू यांच्यामधलं अंतर सावलीवरून कळतं, नाहीतर स्क्रीनवर सगळं सपाट दिसतं. साधारणपणे एक आर्म साधा, दणकट, तो पकडून धरायला, आणि दुसरा सात हालचालींचा, मनगट फिरणारा, तो कारागिरीला. नारळ सोलताना एक हात धरतो आणि दुसरा काम करतो तसंच.

आख्खं विमान उचलतो का?

आरओव्ही स्वतः फार वजन उचलत नाही, आर्ममध्ये दोन-चारशे किलो कसंबसं. मोठी वस्तू क्रेन उचलते, आरओव्हीचं काम आहे पट्टे घालणं आणि हुक लावणं.

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या कार्ल व्हिन्सन या विमानवाहू जहाजावर उतरताना एक एफ-३५ अपघात होऊन दक्षिण चीन समुद्रात पडलं. सुमारे ३,७८० मीटर पाणी. मार्चच्या सुरुवातीला कर्व्ह-२१ या आरओव्हीने खाली जाऊन त्याला दोर आणि पट्टे बांधले, वरून क्रेनचा हुक सोडला, तो अडकवला आणि विमान वर. ऐकायला सोपं वाटतं. पण जवळपास चार किलोमीटर लांब दोराच्या टोकाला लटकणारा हुक, वर जहाज डोलतंय, खाली हुक झोके घेतोय, आणि तो पकडून बरोबर रिंगमध्ये घालायचा, गच्चीवरून दोरा सोडून रस्त्यावरच्या सुईत ओवण्यासारखं आहे.

उचलतानाही धोका असतोच. वस्तू गाळात रुतलेली असली की तळ तिला धरून ठेवतो, सुटताना एकदम झटका बसतो. आणि पाण्याबाहेर येताना वजन अचानक वाढतं कारण पाण्याचा आधार जातो, वरून आत साठलेलं पाणी. तळापासून नीट आणलेली वस्तू लाटांच्या पट्ट्यात तुटून परत गेली असंही होतं. म्हणून टोपली, जाळी, दुहेरी पट्टे.

बातम्यांत दाखवतात, ब्लॅक बॉक्स वर आल्यावर परत पाण्याच्या डब्यात ठेवतात. का?

खाली खाऱ्या पाण्यात असताना आत हवा नसते, गंज हळू चढतो. वर काढून वाळू दिलं की मीठ आणि हवा मिळून तासाभरातसुद्धा नासधूस सुरू होते. म्हणून लगेच गोड्या पाण्यात बुडवून बंद डब्यात ठेवतात आणि तसाच लॅबमध्ये नेतात, तिथे तज्ज्ञ तो नीट धुऊन-सुकवून उघडतात. म्हणजे ताजी मच्छी बर्फात ठेवतात तसंच समजा, वर आल्यापासून घड्याळ सुरू होतं.

एअर फ्रान्सच्या वेळी आणखी एक गोष्ट झाली. एप्रिलच्या शेवटी रेकॉर्डरचा सांगाडा सापडला पण त्यातला मेमरीचा भाग तुटून कुठेतरी पडलेला. किती लोकांच्या पोटात खड्डा पडला असेल तेव्हा. १ मे २०११ ला तो मेमरीचा भाग गाळात सापडला, दुसऱ्या दिवशी आवाजाचा रेकॉर्डर सापडला. दोन वर्षं समुद्राखाली राहून दोन्हीतला डेटा वाचता आला, आणि त्यामुळेच वेगाचे सेन्सर बर्फाने बंद झाल्यापासून पुढे कॉकपिटमध्ये काय झालं हे जगाला कळलं.

फक्त विमानं का? जहाजांचं काय?

जहाजांनाही तसाच रेकॉर्डर असतो. एल फारो हे मालवाहू जहाज ऑक्टोबर २०१५ मध्ये वादळात बुडालं, ३३ खलाशी गेले. जहाज सापडलं पण त्याचा ब्रिज, म्हणजे वरचा मजला, तुटून लांब पडलेला आणि रेकॉर्डर त्या बाजूला मास्टवर. तो शोधून काढायला परत जावं लागलं आणि ऑगस्ट २०१६ मध्ये कर्व्ह-२१ ने सुमारे ४,६०० मीटरवरून काढला. त्यात ब्रिजवरचं शेवटच्या २६ तासांचं बोलणं होतं. आमच्या कोकणात घराघरात कोणी ना कोणी जहाजावर आहे, त्यामुळे हे काम मला विमानाइतकंच जवळचं वाटतं.

एवढ्या खोल दाबाने आरओव्ही चेपत कसा नाही?

दर दहा मीटरला दाब साधारण एक वातावरण वाढतो, चार हजार मीटरला चारशेपट. ज्या भागांत हवा नाही त्यांना दाबाचं फारसं काही नाही, म्हणून मोटरी, वायरींचे डबे तेलाने भरलेले असतात. कॅमेरा आणि काही इलेक्ट्रॉनिक्स जाड धातूच्या नळीत. वरचा फोम म्हणजे साधा स्पंज नाही, रेझिनमध्ये काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे मिसळून बनवलेला दगडासारखा कडक ठोकळा.

दाब काय असतो ते बघायचं असेल तर थर्माकोलचा पेला. खोल डाइव्ह असली की पोरं पेल्यावर मुलाबाळांची नावं मार्करने लिहून जाळीच्या पिशवीत घालून आरओव्हीला बांधतात. वर येतो तेव्हा अंगठ्याएवढा झालेला असतो, आकार तोच, अक्षरं तीच, फक्त बारीक. माझ्या मुलीच्या नावाचा एक आमच्या देवघराशेजारी ठेवलाय.

टायटनच्या वेळी माणसं वाचवायला आरओव्ही का उशिरा पोचला?

टायटन म्हणजे टायटॅनिकचे अवशेष बघायला माणसं नेणारं छोटं यान. १८ जून २०२३ ला ते टायटॅनिककडे उतरताना संपर्क तुटला, पाच जण आत. टायटॅनिक सुमारे ३,८०० मीटरवर आहे. तिथे जाऊ शकणारे आरओव्ही जगात मोजके, ते मिळवायचे, विमानाने आणायचे, जहाजावर विंचसकट बसवायचे आणि मग ते जहाज किनाऱ्यापासून कित्येकशे किलोमीटर न्यायचं. २२ जूनला ओडिसियस ६के नावाचा आरओव्ही तळावर पोचला आणि टायटॅनिकच्या पुढच्या टोकापासून साधारण पाचशे मीटरवर तुकडे दिसले. यान आधीच आतल्या बाजूला फुटलं होतं, त्यामुळे लवकर पोचूनही उपयोग नव्हता. नंतर त्याच आरओव्हीने तुकडे वर काढले.

जिवंत माणसं वाचल्याचीही उदाहरणं आहेत. ऑगस्ट २००५, कामचाटकाजवळ रशियाची छोटी पाणबुडी एएस-२८ सुमारे १९० मीटरवर केबल आणि जाळ्यांत अडकली, आत सात खलाशी. ब्रिटिशांनी स्कॉर्पिओ-४५ हा आरओव्ही विमानाने तिथे नेला, त्याने कटरने केबली कापल्या, सातही जण वर आले.

सगळ्यात जास्त भीती कशाची?

जाळ्यांची. बुडालेलं जहाज म्हणजे माशांचं घर, तिथे मच्छीमार येतात, जाळी अडकतात, तुटतात, वर्षानुवर्षं तिथेच हलत राहतात. नायलॉन कुजत नाही. एकदा आमचा आरओव्ही एका जुन्या अवशेषाला वळसा घालत होता, मागच्या कॅमेऱ्यात एक राखाडी पडदा हलताना दिसला आणि कोणी काही बोलायच्या आत उजवा थ्रस्टर थांबला. जाळं आत ओढलं गेलं होतं. टेदरही अडकला. जहाज हलवता येईना, आरओव्ही सोडता येईना. चाकूने जाळ्याचा एकेक आस (डोळा) पकडून कापत सुटायला नऊ तास लागले, दोन शिफ्ट बदलल्या. चूक आमचीच होती, वळसा घालण्याआधी वरून एक फेरी मारून बघायला हवी होती, आणि वरून घाई करणाऱ्याला नाही म्हणायला हवं होतं. तेव्हापासून मी आधी वरून बघतो, कोणी काही म्हणो.

डायव्हर का नाही पाठवत?

पाठवतात. उथळ पाण्यात, कमी करंटमध्ये डायव्हरच्या हाताला तोड नाही, त्याला अंधारातही बोटांनी कळतं. पण साध्या हवेवर ५० मीटरच्या आसपास मर्यादा येते, पुढे सॅच्युरेशन डायव्हिंग, म्हणजे डायव्हर दिवसेंदिवस दाबाच्या खोलीतच राहून काम करतो, तिथेही तीनशे मीटरच्या आसपास मोठं काम थांबतं. त्याखाली आरओव्हीच. आणि वाकड्या धातूत, तुटक्या केबलींत माणूस घालण्यापेक्षा यंत्र अडकलेलं परवडलं.

मृतदेह आरओव्हीने काढतात का?

हो, काढतात. एअर फ्रान्सच्या त्या मोहिमेत तळातून १०४ मृतदेह वर आणले. याबद्दल मी फार लिहिणार नाही. एवढंच, की तेव्हा व्हॅनमध्ये फोन बंद असतात, रेकॉर्डिंग ज्यांना द्यायचं त्यांनाच जातं, आणि काम एकदम हळू चालतं. कोणी बाहेर येऊन काय दिसलं ते सांगत नाही. नातेवाइकांनी कधीकधी मला थेट विचारलंय, खाली कसं असतं. मी खरं ते सांगतो, की खाली थंड असतं, शांत असतं, लाट नसते. प्रत्येक कुटुंबाला सगळं वर यावं असंच वाटतं असं नाही, काहींना तिथेच राहू दे असं वाटतं. दोन्ही बरोबर आहेत, आणि आमच्यासारख्यांनी त्यात मत देऊ नये.

पावसाळ्यात काम का थांबवतात? माणसं गेलीत आणि तुम्ही हवामान बघता?

राग समजतो. पण धोका तळाला नसतो, तो आरओव्ही डेकवरून पाण्यात घालताना आणि काढताना असतो. चार टनांची वस्तू लाटेवर झोके घ्यायला लागली तर डेकवरचा माणूस जातो. अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर मोठी कामं म्हणूनच थांबतात. तौक्ते वादळात, १७ मे २०२१ ला, मुंबईसमोर पी-३०५ बार्ज बुडाली, तेव्हा समुद्र जरा निवल्यावरच आयएनएस मकर साइड स्कॅन सोनार घेऊन निघाली आणि तिने तळाशी पडलेली बार्ज शोधली.

छोटे आरओव्ही मिळतात ना, धरणात, विहिरीत बुडालेल्यांसाठी?

मिळतात, सूटकेसमध्ये मावतात, दोघांत चालतात. धरणाच्या शांत पाण्यात चांगले. पुराच्या नदीत उपयोग नाही, पाणी ओढून नेतं आणि गढूळात कॅमेरा आंधळा. सोनार असलेला घ्या, नुसता कॅमेऱ्याचा नको.

खाली सापडलेली वस्तू कोणाची?

सापडवणाऱ्याची नाही. मालक, विमा कंपनी, सरकार, त्यांचा हक्क. आपल्याकडे यासाठी रिसीव्हर ऑफ रेक नावाचा अधिकारी असतो, त्याला कळवावं लागतं. युद्धनौका त्या त्या देशाच्या.

मुलाला या लाइनमध्ये यायचंय, काय शिकवू?

इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल डिप्लोमा, आणि हायड्रॉलिक्स हाताने केलेलं असलं तर फारच छान. दिवसातला निम्मा वेळ आपण उडवत नसतो, दुरुस्ती करत असतो, होज बदल, तेल बदल, कनेक्टर साफ कर. सोबत सी सर्व्हायव्हलचं ट्रेनिंग, ज्यात हेलिकॉप्टर पाण्यात उलटं झालं तर बाहेर कसं पडायचं तेही शिकवतात, आणि मेडिकल. सुरुवातीला ट्रेनी किंवा पायलट-टेक्निशियनची खालची ग्रेड. "दोन लाख भरा, थेट पायलट करतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका, आमच्या भागातली दोन पोरं अशी अडकली. व्हिडिओ गेम चांगला खेळतो म्हणून पायलट होईल असं नसतं, तासन्‌तास गप्प बसून स्क्रीन बघू शकतो का ते बघा.

आम्ही मच्छीमार आहोत, आम्ही यात काही मदत करू शकतो का?

करू शकता, आणि हा प्रश्न माझ्या तांडेल काकांनी विचारला होता म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलाय.

जानेवारी १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेस गावावर अमेरिकेची दोन विमानं हवेत धडकली. चार हायड्रोजन बॉम्ब पडले, तीन जमिनीवर, चौथा समुद्रात. मोठं नौदल शोधायला आलं. फ्रान्सिस्को सिमो ऑर्ट्स नावाचा तिथला मच्छीमार होडीवर होता, त्याने पॅराशूटला लटकलेलं काहीतरी पाण्यात पडताना पाहिलं होतं आणि जागा बोटाने दाखवली, किनाऱ्यावरच्या खुणा धरून, जशी आपली माणसं डोंगर आणि देवळाचा कळस धरून जागा लक्षात ठेवतात तशीच. बॉम्ब सापडला तो त्याने सांगितलेल्या जागेच्या जवळच. पहिल्यांदा उचलताना दोर तुटून तो परत खाली गेला. मग कर्व्ह हा अगदी सुरुवातीचा आरओव्ही पाठवला, तो पॅराशूटच्या दोऱ्यांत स्वतःच गुरफटला, आणि शेवटी ७ एप्रिलला सुमारे ८७० मीटरवरून बॉम्ब आणि कर्व्ह दोघांनाही एकत्रच वर ओढून घेतलं.

म्हणून काही पडताना दिसलं, तेलाचा तवंग दिसला, किंवा एका नेहमीच्या जागी अचानक जाळं अडकायला लागलं तर लगेच जीपीएसवर जागा सेव्ह करा, वेळ लिहून ठेवा, किती वाव पाणी आहे, पाण्याची ओढ कुठल्या बाजूला आहे, तेही लिहा. जीपीएस नसेल तर जुन्या पद्धतीने दोन खुणा धरा. जाळं ओढून तोडू नका, कापून तिथेच सोडलं तरी जागा नक्की सांगा म्हणजे नंतर उतरणारा आरओव्ही त्यात अडकणार नाही. आणि तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा, बंदरावर परत येईपर्यंत थांबू नका.